पाळी येईपर्यंत जेव

माझ्या लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही, म्हणून सासूबाईंनी देवाला नवस बोलला आणि उपास मला दिले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सासूबाईंना पित्ताचा त्रास होता; पोट रिकामं राहिलं की दुपारपर्यंत उलट्या सुरू व्हायच्या. मला पित्त नव्हतं. नवस घरातल्या कुणीही बोलावा, फेडावा कुणीही, देव काय माणसं मोजत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देवाने उलट काही कळवलं नाही, त्यामुळे मी उपास सुरू केले.

एकोणीसशे तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी अठरा वर्षांची होते. आमचं घर रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर, सासऱ्यांचं काथ्याचं आणि नारळांचं दुकान घराला लागूनच. नवरा मुंबईला एका वखारीत कारकून. तो वर्षातून दोनदा आगबोटीने यायचा, शिमग्याला आणि गणपतीला, आणि दोन्ही वेळा मिळून महिनाभर राहायचा. मूल न होण्याचं हेही एक कारण असू शकेल, असं घरात कुणी बोललं नाही. खेडला सासूबाईंच्या चुलतभावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. ती कामाला वाघ आहे आणि तिच्या आईला सात मुलं झाली, हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगण्यात यायचं. मी काही खुळी नव्हते. गणपतीपर्यंत मला दिवस गेले नाहीत तर खेडची मुलगी सवत म्हणून घरात येणार होती.

उपास कोणते ते सांगते. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. सासरेही एकादशी करायचे. त्यांची एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी आणि वर केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्या घरात बघून म्हणत असावेत. माझा उपास नवसाचा, म्हणून कडक. दिवसभर कोरा चहा आणि दिवेलागणीनंतर मूठभर वरी. उरलेल्या दिवशी मी पोटभर जेवायला मोकळी होते, फक्त सगळ्यांच्या मागून. सगळ्यांच्या मागून म्हणजे टोपाच्या बुडाला राहील ते, आणि सासऱ्यांना आमटी आवडायची.

एक गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. महिन्यातले तीन दिवस मी मागच्या पडवीत लांब बसायचे. कावळा शिवला की बाईने कशाला हात लावायचा नाही, म्हणजे स्वयंपाकघरातही जायचं नाही. अशा बाईला कुणीतरी वाढावं लागतं, आणि वाढणाऱ्याला पाठ टेकायची घाई असते, म्हणून तो आधी तिलाच वाढून मोकळा होतो. तेवढे तीन दिवस मला भात गरम मिळायचा. पौषात मी तीनाऐवजी दोनच दिवस बसले. माघात एक दिवस, तोही नावाला. फाल्गुनात बसलेच नाही, पण घर शिमग्याच्या गडबडीत होतं आणि नवरा यायचा होता, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवता यायच्या. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. ऐन उन्हाळ्यात मला थंडी वाजायची. सासूबाई म्हणाल्या, उपासाचं तेज चढतंय.

नवरा आला, पालखी नाचली, नवरा गेला. चैत्र गेला, वैशाख निम्मा झाला आणि एके सकाळी सासूबाई विहिरीवर मला म्हणाल्या, "काय गो, तू लांब बसून किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "बरेच."

त्यांनी कळशी खाली ठेवली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं. त्यांना ते आनंदाचं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं आनंदाचं होतंही.

त्या दिवसापासून उपास बंद. नवस फळला, आता पोटुशी बाई उपाशी राहिली तर दोष. मी जेवायला पहिल्या पंगतीला. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्यात तुपाचा गोळा, तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा. दुपारी मिरकरवाड्याहून टोपली घेऊन येणारी मासेवाली आधी आमच्या दारात थांबायची, आणि सासूबाई घासाघीस न करता सुरमईची तुकडी घ्यायच्या. घासाघीस न केल्यामुळे मासेवालीला आम्ही आजारी आहोत असं वाटलं. संध्याकाळी नाचणीचं सत्त्व, गूळ घालून. फणस, आंबे. शनिवारी अंडं, ते सासऱ्यांना न सांगता. फक्त पपई आणि तीळ वर्ज्य, कारण त्यांनी पाळी येते. मी निमूट खात होते. खाताना इतकं बरं वाटायचं की मला वाटलं, पोटात मूल असणं म्हणतात ते हेच.

ज्येष्ठात चोरओटी भरायची होती. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता घरातल्या घरात ओटी भरतात ती. त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी सुईणीला बोलावलं. आमच्या आळीतली अर्धी माणसं तिच्याच हातून जगात आलेली, त्यामुळे ती कुणालाच फारसं मानायची नाही. तिने मला माजघरात निजवलं, सासूबाईंना बाहेर चहा टाकायला पाठवलं आणि पोट चाचपलं.

"शेवटची लांब कदी बसलीस?"

"माघात."

"आनि नवरा कदी आला?"

"शिमग्याला."

"म्हंजे पाळी आदी गेली आनि नवरा मागनं आला," ती म्हणाली. तिने माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "ह्यात पोर नाय गो बाय. वाळलेल्या झाडाला काय मोहोर येतो? उपाशी बाईचं अंग दुकान बंद करतं."

मी म्हटलं, "मग आता मी काय करू?"

"जेव. पाळी येईपर्यंत जेव. ती आली की पोराचं बघू."

"पण ती आली की त्यांना कळेल."

"तर. मी आज बोलले तर उद्या तुझा भात बंद. मी काय बोलत नाय." मग बाहेर जाऊन ती सासूबाईंना म्हणाली, "अंग अशक्त हाय. खायला घाला." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. चहा पिऊन, शिधा घेऊन ती गेली.

आता माझी परिस्थिती अशी होती. जेवले तर पाळी येणार, आणि पाळी आली की मूल गेलं म्हणून घरात रडारड होऊन खेडला पत्र जाणार. न जेवले तर पाळी येणार नाही, मूल कधीच होणार नाही, आणि आणखी सहा महिन्यांनी पोटातून काही बाहेर आलं नाही की पत्र तरीही जाणार. दोन्हीकडून खेड. मग निदान भरल्या पोटी तरी सामोरं जावं, असं मी ठरवलं. लोक मोठमोठे निर्णय कसे घेतात मला ठाऊक नाही. मी हा दुसऱ्यांदा आमटी वाढून घेताना घेतला.

आषाढात समुद्र बंद, मासे बंद. सुके सोडे घातलेलं वांगं, कुळथाचं पिठलं, फणसाच्या आठळ्या. मला गाल आले. पोटावर मांस चढलं, ते शेजारणी येऊन कौतुकाने बघून जायच्या आणि मुलगा की मुलगी यावर वाद घालायच्या. मुंबईहून पत्र आलं, तिला जड उचलू देऊ नका म्हणून. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तरी त्या दिवशी मी नेहमीएवढंच जेवले.

नारळी पौर्णिमेला सकाळपासून मी विळीवर नारळ खवत बसले होते. ओटीपोटात कळ आली. ती कळ मी ओळखली; सहा महिन्यांनी माहेरचं माणूस दारात दिसावं तशी ती वाटली. न्हाणीघरात जाऊन खात्री करून घेतली आणि परत येऊन विळीवर बसले. खरं तर तिथून सरळ पडवीत जायला हवं होतं. पण मी सकाळपासून सगळ्याला हात लावलेला होता. तांदूळ मी धुतलेले, गूळ मी चिरलेला, नारळ मी खवलेला. आता बोलले असते तर सगळा नारळीभात गाईला गेला असता. सासरे समुद्राला नारळ वाहून आले, पंगत बसली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं विटाळ लपवून पंगतीत जेवले. नारळीभात दोनदा घेतला. दुसऱ्यांदा सासूबाईंनीच वाढला, पोटातल्यासाठी म्हणून.

हात धुऊन मी पडवीत गेले, पोतं अंथरलं आणि बसले. सासूबाई उष्टी काढून मागे आल्या आणि दारातच थबकल्या.

मी म्हटलं, "कावळा शिवला."

त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. घरभर रडणं झालं. सासरे दुकानाची फळी लावून आत येऊन नुसतेच उभे राहिले. आख्ख्या घरात आनंद झालेली मी एकटी होते आणि मलाच सगळ्यांत जास्त रडायचं होतं. ते जमलं, कारण सासूबाईंकडे बघून मला खरोखर रडू येत होतं.

सुईण आली. तिने दार लावून घेतलं, काहीच न करता थोडा वेळ बसली, आणि बाहेर जाऊन म्हणाली, "गेला. आता धा दिवस कच्च्या बाळंतिनीसारखं बघा. खायला घाला." म्हणजे मूल गेल्याबद्दल मला आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मिळाले. मी खाल्ले.

पाचव्या दिवशी दुपारी सासूबाई ताट घेऊन आल्या, लांबून माझ्यापुढे सरकवलं आणि परत न जाता दाराच्या आतल्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, "दहा दिवस झाले की सोमवारपासून उपास परत धर. बुधवारचा पण घालू. कुठेतरी कमी पडलंय." मग जरा वेळाने, "आणि खेडला लिहिते मी. मनाला लावून घेऊ नको."

मी घास खाली ठेवला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"माझे पण असेच गेले हो," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी तीन. सासूने नवस बोललान, उपास मला लावलेन. दिवस राहायचे, तीन-चार महिने राहायचे, आणि मग एक दिवस लांब बसायची पाळी. अशीच ह्या पडवीत बसायची मी. दुखायचं सुद्धा नाही फारसं. तेच मनाला लागतं अजून. माझं पोर गेलं आणि मला दुखलं सुद्धा नाही."

मला सगळं कळलं. ती पोरं नव्हतीच. तो उपाशीपणा होता, माझ्यासारखाच, आणि ही बाई वीस-पंचवीस वर्षं त्याचं सुतक मनात धरून बसली होती. एका वाक्यात माझे उपास सुटले असते आणि खेडही सुटलं असतं. वाक्य तयार होतं. मी ते गिळलं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ह्यांच्या वेळी कुठले उपास होते?"

"कुठले असणार? मला तापाने धरलंन. डॉक्टरने वर्षभर उपास बंद केलेन. कोंबडीचं पाणी पाजत होते."

"मग मला पण वर्षभर तेच करू द्या. तुम्हाला ज्याने मुलगा झाला ते."

"न केलेल्या उपासाचं फळ मिळतं होय?"

"तुमचं मिळालं ना. ते मुंबईला कारकून आहेत."

त्यांनी पदराच्या टोकाने उंबरा पुसला. मग म्हणाल्या, "देवाकडे सूट मागते. एक वर्ष. खेडला म्हणते, थांबा." एक वर्ष मिळालं. नवरा गणपतीला आला आणि पुढच्या ज्येष्ठात मला मुलगी झाली. श्रेय देवाला गेलं, सूट दिल्याबद्दल. खेडच्या मुलीचं लग्न मंडणगडला झालं आणि तिला मूल लवकर झालं नाही, हे मला पुढे कळलं. मी तिला निरोप धाडला, जेव म्हणून. तिला त्याचा राग आला.

सासूबाईंना मी ते वाक्य त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढे कधीच सांगितलं नाही. त्या दुपारी त्या उठायला लागल्या तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आत्याबाई, त्या तिघांची नावं काय ठेवणार होता?"

त्या परत खाली बसल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसावं. त्यांनी मला दोन नावं सांगितली, एक मुलाचं, एक मुलीचं.

"आणि तिसऱ्याचं?"

"तिसऱ्याचं ठेवायचा धीर नाही झाला गो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटाकडे बोट करून म्हणाल्या, "जेव. निवतंय."