टोपलं रिकामं कसं झालं : ताडकळस ते सेलू

माझ्या ब्लॉगवर तुम्ही किल्ले वाचायला येता. यावेळी किल्ला नाही. यावेळी मी एका कमेंटपायी परभणी जिल्ह्यात जाऊन आले, आणि ती कमेंट माझीच होती.

‘ढकलगाडी’ नावाचा एक कार्यक्रम मी नेमाने बघते. दोन विनोदवीर एका भंगार जीपमधून गावोगाव हिंडतात, जीप बंद पडते, गावकरी ढकलतात, आपण हसतो. मध्यंतरी त्यांनी भुकेवर भाग केला. आधी नेहमीचा दंगा, मग शेवटी ताडकळसजवळच्या एका घरात शिरून रिकामं भाकरीचं टोपलं दाखवलं. शेजारी पदर सावरत बसलेली बाई. मागे बासरी.

खाली कमेंटींचा पाऊस. ‘हसता हसता डोळे भरले.’ ‘भाऊ, जीपलापण दोन घास घाला.’ ‘पत्ता द्या, पीठ पाठवतो.’ मीही लिहिलं, ‘या घरात लेक देणाऱ्या बापाने काय बघितलं असेल?’ हजारो लोकांना आवडलं. कमेंट सगळ्यात वर जाऊन बसली आणि मी दोन दिवस खुशीत होते. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं. ‘मॅडम, ते घर आमचं हाय. तुमचं वाचून सासऱ्यांनी माझ्या बायकोला नेलं. एकदा घर बघून जा. माधव.’

पुण्याहून रेल्वेने परभणी, सकाळी उतरले. स्टँडवर पोहे बरे मिळतात, चहा अतिगोड. ताडकळसची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी. रस्ता कुठे नवा, कुठे नुसताच रस्ता म्हणायचा. पाठदुखी असेल तर मागची सीट टाळा. ताडकळसला बाजाराचा दिवस होता, स्टँडवर मेथीच्या जुड्या आणि मोटारसायकली यांतून वाट काढावी लागली. माधव उभाच होता. पंचविशीतला, अबोल. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, “आईला सांगू नका, तुमीच ते लिवलंय म्हणून. पाव्हण्या म्हणून या.”

घराच्या भिंती निळ्या. दारात तुरीचं भूस, आत ज्वारीची पोती भिंतीला लावलेली. हे काही उपाशी घर नव्हतं. माधवची आई गोदाकाकू चुलीपुढून उठल्या, माझ्या हातातली शिध्याची पिशवी बघितली आणि म्हणाल्या, “ह्ये काय आणलाव खामखा? आधी हातपाय धुवा.”

ती पिशवी मी पुण्याहून आणली होती. तांदूळ, डाळ, तेल. कुठे ठेवू कळेना, शेवटी पायाशी ठेवली.

ताटात गरम भाकरी, वरण, तिळाची चटणी. मी टोपल्याकडे बघते आहे हे काकूंनी टिपलं.

“बघा की. त्येच टोपलं.” मग त्या सांगत गेल्या. “जीप बंद पडली, दुपारचं उन्ह. पोरं उपाशी म्हणून जेवाया घातलं. पैज लावून खाल्लं दोघांनी. आमच्यात टोपलं कवाच रिकामं ठेवत न्हाईत, अर्धी तरी भाकरी राहू द्यायची. माझ्या सासूनं घालून दिलेलं. तेवढी अर्धी मागं ठिवली व्हती. त्यातला एकजण म्हणला, काकू, तेवढी काढा की, रिकामं टोपलं लय भारी दिसतंय. पाव्हणा मागायलाय, न्हाई कसं म्हणू? काढली.” चुलीत लाकूड सरकवत म्हणाल्या, “तीस वर्षांत पहिल्यांदा रिकामं केलं, अन् तेवढंच सगळ्या जगानं बघितलं.”

मला लाज वाटली. माधव मान खाली घालून जेवत होता.

“काकू, ती वरची कमेंट माझी आहे,” मी म्हणाले.

माधवने डोळे मिटले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी व्हय ते?” त्यांनी आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली, जरा जोरातच. “जेवा. भांडण जेवल्यावर.”

भांडण मात्र झालं नाही. मीच विचारलं, लोकांनी पीठ पाठवलं त्याचं काय केलं?

“पाच कट्टे आले. जिथं भूक हाय तिथं दिले.”

“म्हणजे कुठे?”

“नाव न्हाई सांगणार. तुमी लिवाल.” मग थोड्या मऊ आवाजात, “गावात भूक न्हाई असं न्हाई, बाई. पण उपाशी माणूस दार लावून बसतं. ज्याच्या घरात भाकर हाय तोच कॅमेऱ्याला आत घेतो.”

निघताना माझी पिशवी त्यांनी ठेवून घेतली, तीही जायची तिथे जाईल म्हणाल्या. माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि चटणी दिली. “सेलूला उतरा. आमची सून कोमल तिथं माहेरी हाय, तिला द्या. तिच्या बापाला काय सांगायचं ते तुमीच ठरवा.”

परभणीहून सेलू रेल्वेने फार लांब नाही, पुण्याच्या वाटेवरच आहे. स्टेशनबाहेर रिक्षा मिळते. कापसाच्या गाड्यांमागे रिक्षा अडकली की रिक्षावाला शांतपणे विडी काढतो, तुम्हीही घाई करू नका. कोमलचे वडील जिनिंगवर कामाला. अंगावर कापसाचे तंतू घेऊनच घरी आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर माझंच वाक्य.

“जिनिंगवर रोज कोणीतरी वाचून दावायलंय. काय बघितलं म्हणून लेक दिली, इचारायलेत. मी काय सांगू?”

“ते मी लिहिलंय.”

“कामून लिवलं?”

खरं उत्तर एकच होतं. “वाक्य चांगलं वाटलं म्हणून.”

मग मी टोपल्याची गोष्ट सांगितली, अर्ध्या भाकरीसकट. कोमल दारात उभी राहून फडकं सोडत होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि बापाला म्हणाली, “मी हेच सांगायले आठ दिवस. तुमी माझं ऐकलं न्हाई, मोबाइलचं ऐकलं.”

“बघू,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, “चहा घेऊन जा.” चहा घेतला. तो कडू असता तरी चाललं असतं.

घरी येऊन कमेंट काढून टाकली नाही. काढली असती तर मीच सुटले असते, बाकी काही बदललं नसतं. तिच्याखाली सगळं खरं लिहिलं, टोपलं कुणी आणि का रिकामं करवलं तेही. अकरा जणांना आवडलं. एकाने लिहिलं, ‘मॅडम, मूड घालवला.’ कार्यक्रमवाल्यांचं उत्तर नाही. जाणार असाल तर सुचवण्यासारखं फारसं नाही. एसटी वेळेवर असते, जेवण कुणाच्याही घरी मिळतं, आणि ज्याच्या घरी मिळालं त्याच्या घराबद्दल लिहिताना जरा दम धरा.

आठवड्याने अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. भाकरीचं टोपलं, आत अर्धी भाकरी. खाली एकच शब्द, ‘कोमल’. टोपल्यामागची भिंत निळी होती.