सहा वर्षांचा दाखला

माणसं मला अजून म्हणतात, बाई, तुम्ही शिकवायलाच जन्माला आलात. मला त्याचा राग येतो. शिकवायला कुणी जन्माला येत नाही. मला शिकवणं शिकवलं माझ्या नवऱ्यानं, राधानगरीकडच्या एका खेड्यात, खाटेवर पडल्या पडल्या. आणि ते मी लेखी नाकारलं.

ते त्या गावच्या शाळेचे एकुलते एक मास्तर. शाळा देवळात भरायची. लग्नाला दोन वर्षं झाली आणि त्यांना क्षयानं धरलं. वर कळवलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून कुणी कळवलं नाही. मी मराठी सातवी पास होते. पदर खोचला आणि देवळात जाऊन उभी राहिले. हजेरीपटावर सही त्यांचीच. त्यांचा हात थरथरायला लागल्यावर तीही मीच करायची, हुबेहूब. वर्षातून एकदा शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला यायचे, त्या दिवशी मास्तर शाल गुंडाळून खुर्चीत बसायचे आणि मी खांबाआड. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण गाव गप्प राहिलं. असं सहा वर्षं चाललं.

चूल पेटवायच्या आधी, सांजेला, मी खाटेपासून चार हात लांब बसायची आणि ते माझ्याकडून उद्याचा धडा करून घ्यायचे. "मागच्या पोराकडं बघून बोल, पुढची आपसूक ऐकतात." "पाढा चुकला तर मारायचं न्हाय, उलटा म्हणायला लावायचा." एकदा मी भागाकार असा काही शिकवला की अख्ख्या वर्गाची उत्तरं चुकली. ते खोकता खोकता हसले. म्हणाले, "वर्ग चुकला न्हाय, बाई चुकली." सासूबाई तेव्हा उंबऱ्याशी पीठ चाळत बसलेल्या असायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. अक्षरओळख नव्हती त्यांना, पण ऐकून ऐकून पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ झाले होते.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते गेले. आम्ही दोघी कोल्हापुरात शिवाजी पेठेत दिरांच्या घरी आलो. आत्याबाईंनी गावाहून एकच वस्तू जपून आणली होती: मास्तरांच्या नोकरीचा दाखला, काचेच्या चौकटीत. 'सेवेत खंड नाही' असं त्यावर लिहिलेलं. तो त्यांनी आमच्या कोपऱ्यात खिळा मारून लावला. मी जावेच्या हाताखाली भांडी घासत होते. जाऊ वाईट नव्हती, पण ताटात दुसरी भाकरी पडताना तिचा हात थांबायचा आणि तो मला दिसायचा.

बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं तर माझं वय उलटून गेलं होतं. तेवढ्यात कळलं, पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव असेल तर वयाची अट माफ आणि पहिलं वर्षही माफ. मी अर्ज ठोकला. साक्षीदार घेऊन या असा शिक्षणखात्याच्या कचेरीतून साहेबांचा निरोप आला. गावचा एक शेतकरी घोंगडं खांद्यावर टाकून माझ्यासाठी आला.

"माझ्या तिन्ही पोरांस्नी बाईंनीच शिकवलंय, साहेब," तो दणक्यात म्हणाला. "मास्तर गुणाचा माणूस, पर खाटंवर हुतं की."

साहेबांनी हजेरीपट उलटून बघितला. "इथं तर मास्तर रोज हजर आहेत. शाळा एकशिक्षकी. एका जागेचा अनुभव दोघांना देता येत नाही, बाई. शिकवलं कुणी?"

"दोघांनी," मी म्हणाले. खाटेवरून रोज सांजेला ते कसं सांगायचे, तेही सगळं सांगितलं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे शिकवणारे ते आणि तुम्ही मदतनीस. मदतनिसाला सवलत नाही."

माणूस दुष्ट नव्हता. त्यांना मला जागा द्यायचीच होती, म्हणून त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि मजकूर सांगितला. 'सदर सहा वर्षांत माझ्या पतींनी एकही दिवस शिकवण्याचे काम केले नाही.' 'एकही'शी माझा हात अडला. ते घाई न करता थांबले. मला जावेचा तो भाकरीवर थांबलेला हात आठवला. मी वाक्य पुरं केलं आणि खाली, त्या शाळेच्या कागदावर पहिल्यांदाच, माझी स्वतःची सही केली. साहेब म्हणाले, "मास्तरांचा जुना दाखला तेवढा परत आणून द्या. तो आता रद्द."

घरी येऊन मी आत्याबाईंना काय लिहून दिलं ते शब्दाला शब्द सांगितलं. त्या बोंब मारतील, शिव्या देतील, याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी उठून चौकट काढली, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिली. मग त्या तांदूळ निवडायला बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला सवलत मिळाली. वर्षात ट्रेंड शिक्षिका झाले, नोकरी लागली, दोन खोल्या घेतल्या, आत्याबाईंना घेऊन आले. त्यांना काही कमी पडू दिलं नाही. वर्गात मी मागच्या मुलीकडं बघून बोलायची. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं का? मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पाचव्या वर्षी आत्याबाईंनी अंथरूण धरलं. एका सांजेला मी त्यांचे पाय चेपत होते. त्या म्हणाल्या, "पोरी, एक इचारू? सांजच्याला खाटंवरनं बोलत असायचा त्यो. पाढं, भागाकार. ते काय हुतं गं मग?"

"शिकवत होते, आत्याबाई," मी म्हणाले.

"मग तसं लिवायचं हुतंस की."