ऑप्शनला टाकलेला धडा

बारावीनंतर मला मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजात गणिताला प्रवेश मिळत होता. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "डिग्री एकाच युनिव्हर्सिटीची ना? मग उल्हासनगरचं कॉलेज काय वाईट आहे?" आम्ही बदलापूरला, शिरगावात राहतो. मलाही ते पटलं. गणित काय, सगळीकडे सारखंच, असं मी वर मैत्रिणींनाही ऐकवायचे.

कॉलेज वाईट नव्हतंच. सर मन लावून शिकवायचे. फक्त आमच्याकडे एक रीत होती. पेपरात एक प्रश्न सोडता यायचा, म्हणून ग्रुप थिअरीतला शेवटचा, क्वोशंट ग्रुपचा अवघड धडा सगळा वर्ग ऑप्शनला टाकायचा. सीनियर सांगायचे, आम्ही ऐकायचो. मुलंच वाचणार नाहीत म्हटल्यावर सरही तिथवर पोचायचे नाहीत. त्या धड्यावाचून मी कॉलेजात पहिली आले. घरच्यांनी पेढे वाटले.

मग बीएस्सीनंतर थेट पीएचडीला घेणाऱ्या एका संस्थेच्या इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. मला पीएचडीच करायची होती, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. आवडता विषय विचारला, मी ऐटीत ग्रुप थिअरी सांगितलं. पहिलाच प्रश्न क्वोशंट ग्रुपवर. मी खरं तेच बोलले, "सर, तो आम्ही ऑप्शनला टाकला होता."

पॅनेलवरच्या मराठी बाईंनी बाकीच्या दोघांना ते इंग्रजीत समजावलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाहेर माझ्या शेजारी मी नाकारलेल्या त्याच मुंबईच्या कॉलेजातली मुलगी होती. तिने तो धडा वर्गात केला होता, वर सुट्टीतल्या शिबिरात पुन्हा. ती माझ्याहून हुशार होती असं मला आजही वाटत नाही. तिची निवड झाली, माझी नाही.

मी तणतणत सरांकडे गेले. "सर, तो धडा शिकवायला हवा होता तुम्ही." सर फळ्यापाशी गेले, धड्याचं नाव लिहिलं आणि तिथेच थांबले. मग खडू ठेवून म्हणाले, "अगं, मीपण तो ऑप्शनलाच टाकला होता. याच कॉलेजात."

माझा राग कुठल्या कुठे गेला, वाईट मात्र खूप वाटलं. त्यानंतर कॉलेज सुटलं की आम्ही स्टाफरूममध्ये तो धडा पहिल्या ओळीपासून वाचायला बसायचो. दोघंही अडलो की सर चहा मागवायचे.

पुढच्या वर्षी माझी निवड झाली. इंटरव्ह्यूत सगळे प्रश्न दुसऱ्याच विषयांवर आले होते. निकाल कळला तसा सरांना फोन केला. अभिनंदन राहिलं बाजूला, त्यांनी आधी विचारलं, "आपला धडा विचारला का गं?"

"हो सर," मी म्हणाले, "तोच विचारला."

"मग यंदा वर्गात शिकवतो," सर म्हणाले.