नऊ नंबरची पुडी

आमचं लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. साहेब आले, कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या. पाणी तेवढं तालुक्याचंच राहिलं. त्यात पाऊस रुसलेला. चार दिवसांनी टँकर यायचा आणि गल्लीतली सज्जन माणसं घागरी हातात घेऊन एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अशा दिवसांत मी नांदेडच्या कॉलेजात समुद्राचा अभ्यास करत होतो.

यात माझा दोष अर्धाच. दुष्काळात पाण्याच्या विषयाला मरण नाही, असं समजून मी सरांकडे पाण्याचा विषय मागितला होता. सर मूळचे कोकणातले. त्यांनी ओळखीच्या गावची एक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दिली. लाटा तिथली वाळू कुठून उचलतात, कुठं नेऊन टाकतात आणि किनारा कुठं खचतोय, ते मी शोधायचं. घरी येऊन हे वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला.

"वाळू हलते का बघायला तू तिकडं जाऊन राहिलास?"

"हाव."

"हलू दे की मग."

आमची भुसाराची आडत होती आणि मी एकटाच मुलगा. आप्पांनी मुदत घातली: पाडव्यापर्यंत सरांनी काम पसंत केलं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं गादीवर बसायचं. मला तुरीच्या धुळीनं शिंका येतात, एकदा सुरू झाल्या की वीस-पंचवीस. सगळा जन्म शिंकत काढायचा या विचारानं मला झोप लागत नसे.

कोकणात जाऊन मी पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारा ठिकाणची वाळू बारा पिशव्यांत भरली. नवव्या ठिकाणी वाळूला लागूनच एक कुंपण घातलेलं घर होतं. तिथल्या बाईंनी न मागता दोन तांबे पाणी आणून दिलं. लातूरच्या माणसाला न मागता पाणी मिळालं की भरून येतं. मी दोन्ही तांबे संपवले आणि पुढं निघालो.

परत आलो तर पाण्यापायी हॉस्टेल बंद. बारा पिशव्या लातूरला घरी आणाव्या लागल्या. वाळू चाळण्याआधी तिच्यातला खार धुऊन काढावा लागतो, त्याला गोडं पाणी हवं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माणसं पारोशी, आन् वाळूला आंघोळ?"

शेवटी शेजारच्या काकूंनी तोड काढली. पाणी त्यांनी द्यायचं आणि धुतलेलं खारट पाणी त्यांच्या म्हशीला पाजायचं. म्हशीला कोकण इतकं आवडलं की मी दिसलो की ती हंबरायची. धुतलेली वाळू मी गच्चीवर बारा गोणपाटांवर पसरली, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी ठेवली आणि चाळण्या आणायला दोन दिवस नांदेडला गेलो.

आलो तेव्हा अव्वा आणि काकू सुपं बाजूला ठेवून घाम पुसत बसल्या होत्या. बाराही ढीग पांढरेशुभ्र.

"कसली वाळू आणलास रे? काळा कच, शिंपल्याचे तुकडे. कोण फशिवलं तुला? दोन दुपारी घोळून-पाखडून काढली, तवा कुठं बघण्याजोगी झाली!" अव्वा म्हणाली.

समुद्रानं टाकली तशीच वाळू मला हवी होती. आता ती तांदळासारखी निवडलेली. मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून आप्पा वर आले. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा म्हणावा तसा पडला नाही.

"बरं. गादी झटकून ठेवतो," ते म्हणाले.

"आधी हे बघा," म्हणत अव्वानं डालडाचा डबा पुढं केला. आत कागदाच्या बारा पुड्या, प्रत्येकीवर नंबर. आमच्या आडतीची ही जुनी रीत. माल निवडला की निघालेला खडा फेकायचा नाही. पुडी बांधून, पोत्याचा नंबर टाकून शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. मग 'माझ्या मालात खडा नव्हताच' म्हणायची सोय राहत नाही.

मी पुड्या ओळीनं मांडल्या. बहुतेक चिमूटभर. आठ नंबरची जरा फुगीर आणि नऊची मात्र नारळाएवढी, नुसत्या काळ्या जड कणांनी भरलेली.

"नऊ नंबरला लई पाखडलंय कुणीतरी," अव्वा म्हणाली. "हलकं निघून जातं, जड मागं ऱ्हातं. तुला एवढं कळंना?"

खरंच कळलं नव्हतं. लाटाही तेच करतात: हलकी वाळू घेऊन जातात, काळी जड मागं ठेवतात. किनारा खचत होता तो नऊ नंबरलाच.

सरांनी ती पुडी उघडली आणि काळे कण भिंगाखाली धरून बघितले. मग विचारलं, "हे हातानं वेगळं कुणी केलं?" मी सांगितलं. ते पोट धरून हसले, काम पसंत केलं आणि पुढच्या खेपेला आईला घेऊन जा म्हणाले. मी गल्लीत पेढे वाटले. "आडतीनंच पास केलं त्याला," असं आप्पा पाडव्यापर्यंत दुकानात येईल त्याला सांगत होते.

पुढच्या खेपेला अव्वा खरंच कोकणात आली. तिनं पहिल्यांदाच समुद्र बघितला, पण त्याच्याकडं फार लक्ष दिलं नाही. "नऊ नंबर कुठं हाय?" एवढंच विचारलं. मी मोठ्या ऐटीत नेऊन दाखवलं. घर होतं, मागच्या खेपेला दिसलेलं कुंपण मात्र नव्हतं. त्याच बाई दोन तांबे पाणी घेऊन बाहेर आल्या. अव्वानं पायाखालची काळी वाळू चिमटीत घेऊन बघितली.

"बाई, इथं राहू नका. लई पाखडून राहिलाय हा समुद्र."

"म्हायत आसा," बाई म्हणाल्या. "पण जाऊ खंय?"

मला लाज वाटली. ज्या खचत्या वाळूचे पेढे मी वाटले होते, तिच्यावरच या बाईंचं घर उभं होतं. हातातला तांब्या मी न पिताच खाली ठेवू लागलो.

"पी," अव्वा हळूच म्हणाली. "दिलेलं पाणी टाकायचं न्हाई."