बंद गाडीचा एअर फिल्टर

एप्रिलचा दुसरा मंगळवार, मेचा पहिला, मेचाच शेवटचा आणि जूनचा तिसरा. या चारही मंगळवारी मी पोस्टात जाऊन रजिस्टर पत्रे टाकली असून त्यांच्या पावत्या माझ्याजवळ आहेत. घडल्या प्रकाराला मी पुढील मंडळींना जबाबदार धरतो: आमच्या इमारतीचा व्यवस्थापक, रहिवासी संघाचे अध्यक्ष, गॅरेजसमोरच्या कॅमेऱ्याचे चित्रण सांभाळणारी कंपनी, आणि एक व्यक्ती, जी कोण हे मला ठाऊक नाही. पाचवे नाव योग्य जागी येईल.

मी मुंबईच्या एका व्यापारी कंपनीच्या कायदा विभागात आयुष्य काढले. कंपनीने जपानला पाठवले आणि निवृत्तीनंतरही आम्ही दोघे तिथल्या उरायासू शहरातच राहिलो. तळमजल्यावर शटरचे एक गॅरेज भाड्याने मिळाले. त्यात, खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून, मी सहा वर्षांत एक दोन माणसांची उघडी गाडी उभी केली. सहाही वर्षे टॉर्च धरला तो पत्नीने. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा ती एअर फिल्टरजवळ तळहात नेऊन म्हणाली, "अहो, हा श्वास घेतोय."

गेल्या हिवाळ्यात गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत संपली. त्यानंतर मी ती एकदाही सुरू केली नाही. फक्त बॅटरी चार्जरवर ठेवली आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर धुण्याचा नेम चालू ठेवला. हा फिल्टर सुती जाळीचा असतो. आतून बाहेर हलक्या धारेने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि प्रत्येक घडीवर लाल तेलाची बारीक रेघ ओढायची. वातीला तेल पाजावे तसे ते काम पत्नीच करी, कारण तिचा हात स्थिर होता.

"उपाशी माणसाचं तोंड धुता तुम्ही," ती मला चिडवायची.

मेच्या पहिल्या रविवारी मी बॉनेट उघडले. महिन्यापूर्वी स्वच्छ करून बसवलेला फिल्टर करडा झाला होता. चालू इंजिनाने हवा ओढल्याखेरीज घड्यांत इतक्या खोल धूळ शिरत नाही. किलोमीटरचा आकडा जिथल्या तिथे होता. आच्छादनाच्या नाड्यांना मी गाठ मारतो. तिथे नाड्यांचेच नीटस, चपटे फूल बांधलेले होते. शटर खालून चार बोटे उघडे होते. आणि जाळीत जांभळ्या लोकरीचे तंतू अडकले होते.

ते तंतू मी पाहिले, चिमट्याने काढले, आणि पुसून टाकले. पुराव्याची अशी वासलात लावणाऱ्या कनिष्ठ वकिलाला मी एके काळी खोलीबाहेर काढले असते.

एप्रिलचे पत्र निराळ्या तक्रारीचे, लिफ्टच्या खडखडाटाचे होते. या मंगळवारी व्यवस्थापक, अध्यक्ष आणि कॅमेऱ्याची कंपनी यांना लिहिले: माझ्या गॅरेजमध्ये कोणीतरी शिरून बंद जागेत इंजिन चालवते, त्या धुराने माणूस मरू शकतो, चित्रण दाखवावे. कॅमेऱ्याच्या कंपनीचे उत्तर आले की इतरांच्या खासगीपणास्तव चित्रण दाखवता येत नाही. मात्र अनधिकृत व्यक्ती आत गेल्याचे आढळत नाही. झालेल्या मनस्तापाबद्दल अंतःकरणपूर्वक दिलगिरी. दिलगिरीवर मी दोन पाने खर्च केली. मेच्या शेवटी नेमाआधीच बॉनेट उघडले तर पुन्हा फिल्टर काळवंडलेला, पुन्हा ते फूल, पुन्हा पत्र.

जूनच्या तिसऱ्या मंगळवारी पोस्टातून परत आलो. दाराशी पत्नीच्या सपाता होत्या. आमच्या घरात सपाता पायांतून सुटतील तशा पडतात. त्या जोडीने, टोके दाराकडे करून ठेवलेल्या होत्या, इथली माणसे ठेवतात तशा. आणि मला आठवले की त्या तशा मी पूर्वीही पाहिल्या होत्या. मंगळवारीच.

ती खिडकीशी बसली होती. अंगावर जांभळी शाल. शालीच्या पदरावर लाल तेलाचा गोल डाग होता आणि त्यात जाळीची नक्षी उमटली होती.

"खाली गेली होतीस?"

"म्हणजे? तुम्हीच तर बोलावलंत. टॉर्च धरायला."

"मी पोस्टात होतो."

"काहीतरीच. श्वास घेतोय का बघ म्हणालात. मी शाल धरली तर ओढत होता चांगला." तिने पदर झटकला. "मग तुम्हीच येऊन बंद केलंत. मला वर आणून सोडलंत. पण हल्ली तुम्ही वाटेत बोलत नाही हं. एक शब्दसुद्धा नाही."

मी स्वयंपाकघरात गेलो. खणात गॅरेजची दुसरी किल्ली होती, गाडीची त्याच कड्यात. हाताला ती कोमट लागली, की तसे मला वाटले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

अनधिकृत व्यक्ती आत गेली नव्हती. ते उत्तर अक्षरशः खरे होते. कुकरच्या शिट्ट्या ती विसरू लागली होती, भाजीत मीठ दोनदा पडत होते, आणि मी त्याला वय म्हणत होतो. बहुधा चारही वेळा, तिच्या जिवावर बेतत असताना, मी तक्रार रजिस्टर करत होतो. पाचवे नाव माझे आहे.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला विचारले, "ती कितीदा खाली गेली?"

त्याने टोपी काढली. "आपल्या पत्नी फार सौम्य आहेत."

"ते मी विचारले नाही. इंजिन बंद कोण करत होते?"

"कुटुंबाच्या बाबतीत बाहेरच्याने जरा…" त्याने वाक्य तिथेच सोडले. इथे ते तसेच सोडतात, आणि ऐकणाऱ्याने उचलायचे असते.

"धूर कुटुंब पाहून थांबत नाही," मी म्हणालो. तो माझ्या बुटांकडे पाहून वाकला.

डॉक्टरांनी तिला तपासले. विसरणे आधीपासूनचे की धुराने वाढलेले, हे ठरवण्यासाठी त्यांना दोनच गोष्टी हव्या आहेत: ती किती वेळा आणि किती वेळ त्या धुरात होती. औषधयोजना त्यावर ठरेल. मला सांगता येत नाही. तिला आठवत नाही. ज्याने शटर उचलले, इंजिन बंद केले, तिच्या हाताला धरून वर आणले आणि मला लाज वाटू नये म्हणून मौन पाळले, त्याला ते ठाऊक आहे. ही सभ्यता मला मान्य नाही.

आता फिल्टर धुऊन बॅटरी काढली आहे, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात असतात, पोस्टात मी जात नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी फिल्टर जसाच्या तसा स्वच्छ निघाला. परंतु दर मंगळवारी दुपारी पत्नी शाल घेऊन दाराशी उभी राहते. मी समोर असतो. ती माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहते आणि विचारते, "ते आले नाहीत का अजून?"

या निवेदनाची जपानी प्रत लिफ्टशेजारच्या फलकावर लावली आहे. मराठी प्रत आपल्या मंडळाच्या अंकासाठी देत आहे, कारण आमच्या इमारतीत मराठी वाचणारी चार घरे आहेत. माझ्या वेशात, माझ्या जागी, माझ्या पत्नीला चार मजले चढवून आणणाऱ्या व्यक्तीने त्याच फलकावर, सर्वांसमक्ष, स्वतःच्या नावानिशी लिहावे: किती वेळा, आणि दर वेळी किती मिनिटे.