ढोलकीची उजवी बाजू

मला ताल नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या हातची पोळी कधी गोल झाली नाही, तर ठेका कुठून नीट येणार! तरी खामगावच्या आमच्या चर्चमध्ये मी वर्षानुवर्षं ढोलकी वाजवत आलेय. अर्धी म्हणा. फक्त उजवी बाजू. मुलं विचारतात, "आई, तुला तिथं बसवलं कोणी?" म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि आमचं लग्नही. हे, म्हणजे माझे यजमान, कापसाच्या जिनात यंत्रांना तेल द्यायचे आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. यांची थाप पडली की रस्त्यावरचा टांगासुद्धा थांबायचा. निदान मला तसं वाटायचं. नवी नवरी होते मी. घोडा कदाचित गवतासाठी थांबत असेल.

त्या नाताळला यांनी पांढरा, लांब बाह्यांचा सदरा शिवून घेतला. जिनात नवे कपडे कोणी घालत नाही, पण यांना मिरवायचं होतं. सुट्टी संपताच तोच घालून कामावर गेले. बाही यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात सापडली. पट्ट्यानं बाही ओढली, बाहीनं हात. यंत्राच्या धडधडाटात ओरडणं कोणाला ऐकूच आलं नाही. लोकांना आधी दिसलं ते रक्त, पांढऱ्या कापसावर पार लांबपर्यंत उडालेलं. उजवा हात कोपराखाली चेंदला. उरलेलं दवाखान्यात कापलं. मी बाहेर बसून प्रार्थना करत होते आणि आतून यांच्या किंकाळ्या येत होत्या. दोन्ही आवाज वरच जात होते. वर कोणी ऐकतंय का, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा पडला.

घरी आणल्यावर चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला आले.

"देव लाडक्या लेकरालेच जास्त रगडते, बाप्पा," एक म्हातारी म्हणाली.

"मंग त्याले सांगा, माहे लाड नको करू म्हनाव!" आणि यांनी पाण्याचा तांब्या भिरकावला. डावा हात नवशिका. तांब्या म्हातारीला चुकवून माझ्या कपाळावर बसला. ती खोक मी अजून केसांनी झाकते, आणि लोकांना वाटतं, बाईला या वयात फॅशन सुचते.

पुढचे महिने असेच गेले. हे थोटा हात भिंतीवर आपटायचे. जखम उलायची, रक्त गळायचं, आणि हे छपराकडे बघून शिव्या द्यायचे. "त्याच्या वाढदिवसाचा सदरा घातला, अन् त्यानंच हात ओढला! असा कोनता बाप असते?" मला योग्य उत्तर वेळेवर कधीच सुचत नाही. मी म्हणायचे, "वरण गरम हाय." मग वरणाची वाटीही भिंतीवर जायची.

"चर्चमदी पाय ठेवला तर तंगडं तोडीन," असं यांनी बजावलं होतं. मी तरी जायचे. श्रद्धा फार होती म्हणून नव्हे. तिथं रडायला बरं पडायचं. यांची ढोलकी कोपऱ्यात कापडाखाली पडून होती. गाणी ठेक्यावाचून चालायची, चाक निखळलेली बैलगाडी चालावी तशी.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. दुपारची उपासना, वर तापलेले पत्रे. पाळकसाहेब नगरकडचे, प्रवचन लांबलचक. क्रुसावरून प्रभू ओरडून बापाला विचारतो, मला का सोडलंस, तिथवर ते आले होते. तेवढ्यात दारात हे उभे. डाव्या हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड.

मला वाटलं, पाळकसाहेब गेले! पण हे सरळ ढोलकीकडे निघाले. ती फुटली असती तर हे त्या दारातून पुन्हा कधीच आत आले नसते. मला ते लख्ख कळत होतं, आणि मी बसल्या जागी दगड झाले होते.

यांनी घाव घातला. नवशिका डावा हात पुन्हा हुकला. कुऱ्हाड फरशीवर आदळली, ठिणगी उडाली, कपच्या उडाल्या, बायका किंचाळल्या. हे धापा टाकत पाळकसाहेबांवर ओरडले, "भेटलं का त्याले उत्तर?"

पाळकसाहेबांकडे सगळ्याचं उत्तर असायचं, पोटदुखीचंसुद्धा. त्या दिवशी त्यांनी हातातलं बायबल मिटलं.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "त्या दुपारी नाही मिळालं. ओरडतच प्राण सोडला त्यानं."

"मंग इथं ओरडता येते का?"

"इथंच ओरड, बाबा. दुसरीकडं कुठं जाशील?"

हे खाली बसले, ढोलकी ओढली आणि डाव्या तळव्यानं हाणायला लागले. तो ठेका नव्हता, मार होता. छातीवर गुडघा देऊन माणूस माणसाला मारतो, तसा. तळवा फुटला, चामड्यावर रक्ताचे ठसे उमटले. कोणी अडवलं नाही. मारता मारता हात सवयीनं ठेक्यात शिरला. डावीकडे धूम, आणि उजवीकडच्या थापेची जागा रिकामी. दर वेळी थोटा हात उचलला जायचा आणि काहीच वाजायचं नाही. ती रिकामी जागा मला ऐकवेना.

मी उठले, पदर खोचला, यांच्या उजवीकडे जाऊन बसले आणि थाप मारली. चुकली. पुन्हा मारली. पुन्हा चुकली.

"काय व, पापड लाटून राह्यली का?" हे खेकसले.

"मले येत नाही!"

"मंग बसली काऊन?"

"तुमी एकटे बसले म्हून!"

मागून ती तांब्यावाली म्हातारी ओरडली, "आजच्या दिवशी तरी भांडू नका व! मरन हाय त्याचं!"

हे हसले नाहीत. पण थोटा हात माझ्या मनगटावर टेकवून ते मला ठेका सांगू लागले: आता, आता, आता. दर धक्क्याला कळ येत असणार. दात आवळलेले होते. लोकांनी गाणं उचललं. वर कोणी ऐकतंय का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही मिळालं नाही, अजूनही नाही. पण त्या दुपारी आमच्या शेजारी आणखी कोणीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याचेही हात फुटलेले होते. एवढं मी शपथेवर सांगेन.

संध्याकाळी मी यांच्या तळव्याला हळद लावली, जेवायला वाढलं.

"प्रार्थना म्हन," हे म्हणाले. "लहान म्हनजो. भूक लागली."

मी डोळे मिटले. नेहमीप्रमाणे वेळेवर काहीच सुचेना.

"आमेन," हेच म्हणाले, आणि वरणाची वाटी उचलली. मी सवयीनं डोकं खाली घातलं.

वाटी भिंतीवर गेली नाही. भुरका ऐकू आला.