कोर्टाच्या आवारातलं जावळ

"आता कोर्टातच भेटू!" असं मी लासुर्ण्याच्या भर वस्तीत, निम्म्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, तेव्हा कोर्ट कुठल्या तोंडाला असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेजारी आमचे हे, चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत उभे. लोणी देवकरच्या फॅक्टरीत दिवसभर मशीनपुढं उभा राहणारा माणूस, पण भांडणात पाच मिनिटं उभा राहील तर शपथ! समोर आबा, म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे, ओट्यावर बसलेले. आणि त्यांच्या घरात, आतल्या खोलीत, माझी पोरगी.

माझी म्हणजे माझ्या पोटची नव्हे. माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला इंदापुरात आमच्याकडं, माहेरी आली होती. मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना तिचे वडील भेटायला आले आणि नवरा-बायको दवाखान्यात जाऊन येतो म्हणून मोटारसायकलवर निघाले. ऊन फार होतं, म्हणून बाळाला माझ्याजवळ ठेवलं. हायवेला ट्रकनं उडवलं. दोघंही गेले. त्या दिवशी घरात जो आकांत चालला होता, त्यात भुकेनं रडणाऱ्या बाळाकडं बघायला कुणाला सुचत नव्हतं. माझा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. मी कुणाला विचारलं नाही. भिंतीकडं तोंड केलं आणि तिला पदराखाली घेतलं. पुढं वर्षभर एका बाजूला तो आणि एका बाजूला ती. पिता पिता एकमेकांना लाथा मारायची दोघं.

आबा दर बाजाराला लासुर्ण्याहून यष्टीनं यायचे. नातीला मांडीवर घेऊन बसायचे, चहा प्यायचे, जायचे. एकदा म्हणाले, "आठ दिस न्हेतो. घरच्यांना बघायची हाय." मी कपडे भरून दिले, काजळाची डबी दिली. आठ दिवस गेले, महिना गेला. आणायला गेलो तर म्हणाले, "लेकाची येवढीच खूण उरलीया. न्हाय द्यायची." मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला आणि मी ते कोर्टाचं बोलले.

बोलले ते केलंही. बारामतीत वकील गाठला. त्यांनी समजावलं, की आई-बाप नसलेल्या लहान मुलाचा पालक म्हणून आपल्याला नेमा, असा अर्ज मामाला करता येतो. आजोबा हरकत घेतील, मग दोघांचं ऐकून कोर्ट ठरवेल. कागदावर तिला सगळीकडं 'अज्ञान' म्हणायचे. मला भारी राग यायचा. मी वकिलांना विचारलंसुद्धा, की एवढ्याशा पोरीला काय कायदा पाठ असायला हवा होता का? ते म्हणाले, ताई, अज्ञान म्हणजे वयानं लहान. तुम्ही कोर्टात तेवढं गप्प राहा.

तारखा पडत गेल्या, वर्ष होत आलं, पोरगी काही नजरेला पडली नाही. समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही, अशी वकिलांची ताकीद होती. पण बारामतीहून इंदापूरला येणारी गाडी तीच, आणि लासुर्णं वाटेवरच. ही झुंबड! आबा पुढं जाऊन चढायचे आणि खिडकीतून आम्हाला हाक मारायचे. माझ्यासाठी त्यांनी उपरणं टाकून जागा धरलेली असायची. कोर्टात आमच्याविरुद्ध हरकत घेऊन आलेला माणूस! मी रागानं बसायची, पण बसायची. लासुर्ण्याला ते उतरले की माझं तोंड सुटायचं, ते पार शेळगाव मागं पडलं तरी चालू. हे खिडकीबाहेर ऊस बघत बसायचे.

मग एका तारखेला न्यायाधीशांनी सांगितलं, पुढच्या वेळी मुलीला घेऊन या, मला तिला बघायचंय. मला दोन रात्री झोप नाही. मी नवीन फ्रॉक शिवला, अंदाजानं थोडा मोठाच.

आबा तिला खांद्यावर घेऊन आवारात आले. अंगानं भरली होती, चांगली ठेवली होती, खोटं कशाला बोलू. फक्त डोक्यावर केसांच्या नुसत्या जटा झालेल्या. मी धावले. "माझी बाय गं!" म्हणून हात पुढं केले. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आबांच्या मानेत तोंड खुपसलं. मला ओळखलंच नाही. आपल्या अंगावर वाढलेलं लेकरू आपल्याकडं परक्यासारखं बघतं, तेव्हा काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी बाकावर बसले ती बसलेच.

आबा ह्यांच्याजवळ आले. म्हणाले, "पाव्हणं, जावळ राह्यलंय."

आमच्याकडं लेकराचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. आबा म्हणाले, "गावातला एखादा मामा करून बसवा म्हनं. थोरली सून रोज मागं लागतीया. मी म्हनलं, हिला सख्खा मामा हाय. खटला खटल्याच्या जागी. दुसऱ्या कुनाच्या मांडीवर बसवू व्हय?"

हा माणूस आम्हाला पोरगी द्यायची नाही म्हणून भांडत होता, आणि आमचा मान मात्र वर्षभर तिच्या डोक्यावर तसाच सांभाळून बसला होता. जटा होऊ दिल्या, पण दुसऱ्याच्या मांडीवर बसवलं नाही.

आमचा नंबर दुपारनंतर येईल, असं शिपायानं सांगितलं होतं. आवाराच्या एका कडेला चिंचेखाली एक न्हावी आरसा टांगून, खुर्ची मांडून बसायचा. हे खुर्चीत बसले, पोरगी मांडीवर. ती रडायला लागली, आबा समोर उकिडवे बसून तोंडानं बैलाच्या घुंगरांचा आवाज काढायला लागले. केस जमिनीवर पडू नयेत म्हणून त्यांनी उपरणं पसरून धरलं होतं. मी त्याचंच दुसरं टोक धरलं. कशासाठी आलोय, ते आम्ही तिघंही विसरलो.

अर्धं डोकं झालं असेल, तेवढ्यात आमचे वकील काळा कोट उडवत धावत आले. मागून आबांचे वकील. "अहो, आहात कुठं? तीनदा पुकारा झाला! दोन्ही पक्ष गैरहजर! अर्ज काढून टाकला साहेबांनी!"

झालं! एवढ्या दिवसांचे हेलपाटे चिंचेखाली वाहून गेले. आम्ही तसेच पळालो. हे पुढं, त्यांच्या कडेवर अर्ध्या डोक्याची किंचाळणारी पोरगी, मागं केसांचं गाठोडं छातीशी धरून आबा, त्यांच्यामागं मी, आणि माझ्यामागं न्हावी वस्तरा घेऊन! त्याला बिचाऱ्याला शिपायानं दारातच अडवलं.

"कुठं होता तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं.

आमचे वकील काहीतरी सांगायला लागले, तर आबाच म्हणाले, "पोरीचं जावळ काढत हुतो, साहेब. पाव्हण्याच्या मांडीवर."

"तुम्ही दोघं एकत्र?"

"व्हय. मामा लागतोच की."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी आधी आबांकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग त्या अर्ध्या डोक्याकडं, आणि वकिलांना म्हणाले, लगेच लिहून द्या, मी हे प्रकरण पुन्हा सुनावणीला घेतो. माझा जीव भांड्यात पडला.

पण पुढं खरं अवघड होतं. पोरगी ह्यांच्या कडेवरून आबांकडं झेपावली होती. न्यायाधीश मला म्हणाले, "बाई, घ्या बरं तिला." मी हात केले. तिनं आबांच्या गळ्याला अशी मिठी मारली, की त्यांची टोपी खाली पडली. आबांचे वकील उठलेच. "साहेब, बघा. अर्जदाराच्या बायकोला मुलगी ओळखतसुद्धा नाही." खरंच होतं ते. मला वाटलं, संपलं. गेली पोरगी.

"वकीलसाहेब, तुमी बसा खाली," आबा म्हणाले.

वकील त्यांची बाही ओढत होते. आबांनी ती सोडवून घेतली. "साहेब, लेकरू वळखत न्हाय ते माझ्यामुळं. माझा ल्योक गेला त्या दिशी हिला ह्या बाईनं अंगावर घेतली, म्हनून ही हितं हाय. मी आठ दिसाच्या बोलीवर न्हेली आन् ठेवून घेतली. लई ग्वाड लागायचं बघा, मांडीवर घेतली की लेकाचा भास व्हायचा. पर मी हाय तवर हाय. थोरल्या सुनंला तिची चार हायती, रानातलं काम हाय. ही उगा माझ्या एकट्याच्या हव्यासापायी तितं हाय. मामाच्या नावानं करा. माझी हरकत न्हाय."

मी आयुष्यात पुष्कळ देवळांत गेले. पण हात आपोआप जोडले गेले ते त्या कोर्टात. जिंकत आलेला डाव त्या माणसानं उभ्या उभ्या सोडून दिला होता, आणि तेही माझी बाजू घेऊन. माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी चारचौघांत माझ्यासाठी एवढं बोलून दाखवलं नव्हतं. न्यायाधीशांनी आबांना दोनदा विचारलं, समजून उमजून बोलताय ना? मग लिहून घेतलं.

बाहेर आलो, उरलेलं डोकं करून घेतलं. मी तिला नवा फ्रॉक घातला, तोही तिनं रडत रडतच घालून घेतला. माझ्याकडं यायचं तर नावच नको. आबा म्हणाले, "आज न्हाय यायची ती. तोडून देऊ नगा. मीच येतो संगं." गाडीत लासुर्णं आलं, गेलं, आबा उतरले नाहीत.

आमच्या ओसरीवर ते मुक्कामाला राहिले. वरपक्षाचा व्याही मानानं येतो, जेवतो, जातो. असा वळकटी टाकून राहत नाही. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "व्याहीच घरजावई झाला गं बाई!" आबांच्या कानावर जात असणारच. पहिल्यांदा ते तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि घास मी भरवायचा. मग मांडी माझी, आणि ते शेजारी. मग ते उंबऱ्याशी, मग ओसरीच्या टोकाला. रोज थोडं लांब बसायचे. तिला दिसतील एवढे जवळ, पण हाताला लागणार नाहीत एवढे दूर. मी बघत राहायची. पोटच्या लेकाची शेवटची खूण अशी इंचाइंचानं दुसऱ्याला देताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही.

एका दुपारी ती अंगणात पळता पळता पडली. आबांच्या अगदी पुढ्यात. मी चुलीपाशी होते. आबा उठले नाहीत. दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट आवळून बसले. ती रडत उठली, त्यांच्यापुढून सरळ आत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

मी तिला थोपटत बाहेर आले. तिचं रडं शमलं, डोळे मिटायला लागले. आबा वळकटी बांधत होते.

"आबा, राहा की. आता कशाला जाताय? तुमचंच घर आहे."

"आता ऱ्हायलो तर दोघांत अडकंल ती," ते म्हणाले. त्यांनी टोपी घातली. तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघून मान हलवली आणि अंगणात उतरले.

मला धावत जाऊन त्यांचे पाय धरायचे होते. पण पोरगी माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मी वाकले असते तर ती जागी झाली असती.